अर्धं वाक्य

गावी आखाडा बाळापूरला गेलो की माझा लॅपटॉप सार्वजनिक मालमत्ता होतो. "तू कंप्युटरवाला ना? मग एवढं करून दे!" या न्यायाने गेल्या उन्हाळ्यात एका स्मरणिकेची पानं लावायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

त्यात काकांची मुलाखत होती. दोन पानं नुसता मजकूर, फोटो एकच. अशा वेळी मासिकवाले काय करतात, तर लेखातलंच एखादं झणझणीत वाक्य उचलून मोठ्या टायपात मधोमध ठेवतात. त्याला म्हणतात पुल कोट. पान मोकळं वाटतं, चाळणाऱ्याची नजर थांबते. मीही वाक्य उचललं: "पोराला सांगितलं होतं, शेतीत पडू नको."

आधी इटालिक करून पाहिलं. देवनागरी अक्षरं कलंडल्यासारखी दिसायला लागली. ओळी जवळ घेतल्या तर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसले. शेवटी ठळक टाइप, ऐसपैस ओळी. एकदम झकास! अर्धा दिवस त्यातच गेला.

स्मरणिका छापून आली. कुणीतरी तेवढ्याच चौकटीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. आता शेती बघणारा माझा चुलतभाऊ दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही. मुलाखतीत काकांचं पुढचं वाक्य होतं, "त्यानं ऐकलं नाही, हळद लावली अन् मला खोटं पाडलं, तेच बरं झालं." ते बारीक टायपात राहिलं.

काका चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी एवढंच म्हनलो होतो का रे बापू?"

वेबवाल्यांना माहीत असेल, दुसऱ्या कुणाचा उतारा द्यायचा तर ब्लॉककोट हा टॅग. पण आपल्याच लेखातलं वाक्य पुन्हा ठळक दाखवायचं तर एचटीएमएल ५ च्या २०१४ च्या प्रमाणात त्यासाठी असाइड सुचवलाय. म्हणजे मुख्य मजकुराच्या बाजूची गोष्ट. गंमत अशी, की कोडमध्ये बाजूला असलेलं हे वाक्यच लोक आधी वाचतात. पुष्कळदा तेवढंच वाचतात.

तेव्हापासून एक नियम केलाय. चौकट लेखापासून तोडून एकटीच वाचायची आणि विचारायचं, बोलणाऱ्याला हे आपलं वाटेल का?

छापलेलं तर बदलता येत नाही. पीडीएफमध्ये मात्र दोन्ही वाक्यं टाकली. पान जरा गच्च दिसतं आता.

असो. दिसू दे.