समोर कोण बसलंय?

१९३६ च्या मे महिन्यात लाहोरला पंजाबी सुधारकांच्या जातपात तोडक मंडळाचं अधिवेशन भरायचं होतं आणि अध्यक्षपदावरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलणार होते. भाषण लिहून तयार होतं. ते वाचून मंडळाच्या चालकांना धडकी भरली. वेद आणि शास्त्रांवरचा हल्ला, हिंदू समाजातून बाहेर पडण्याचा निर्धार, एवढं तरी गाळा, असा आग्रह सुरू झाला. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असं बाबासाहेबांनी कळवलं. अधिवेशन बारगळलं आणि न झालेलं भाषण त्यांनी पदरच्या पैशांनी छापलं. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या पंधराशे प्रती दोन महिन्यांच्या आत संपल्या.

नाशिकच्या एका मुलीने या भाषणावर अमेरिकेत निबंध लिहायला घेतला. तिचं आजोळ येवल्याचं. १९३५ च्या ऑक्टोबरात धर्मांतराची घोषणा झाली ते येवला. त्यामुळे बाबासाहेब तिला लहानपणापासून ऐकून माहीत होते. चौदा एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धांत ती त्यांच्यावर बोललीही होती. अमेरिकी विद्यापीठांत पहिल्या वर्षाला लेखनाचा एक विषय जवळजवळ सगळ्यांच्याच वाट्याला येतो, मग पुढे इंजिनिअर व्हायचं असो की नर्स. त्यातलं एक ठरलेलं काम म्हणजे ‘रेटरिकल ॲनालिसिस’. एखादं भाषण, पत्र किंवा लेख घ्यायचा आणि तो ऐकणाऱ्यावर काय करतो, कसा करतो, ते दाखवायचं. लेखक बरोबर की चूक, हा प्रश्न तिथे नसतो. तिने भाषण निवडलं तेव्हा तिला वाटलं, हे तर आपल्या घरचंच.

पहिला मसुदा तिने एका बैठकीत लिहून काढला. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण करताना आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं अशा तीन खणांत उत्तर बसवायची सवय हाताला लागलेली असते. इथे ॲरिस्टॉटलचे तीन खण मिळाले: ईथॉस म्हणजे वक्त्याची पत, पॅथॉस म्हणजे श्रोत्याची भावना, लोगॉस म्हणजे युक्तिवाद. तिने प्रत्येकाला एकेक परिच्छेद दिला. मधल्या परिच्छेदातलं एक वाक्य असं होतं: ‘आंबेडकर अन्यायाची अनेक उदाहरणं देऊन वाचकाच्या भावनांना हात घालतात आणि आपला मुद्दा प्रभावीपणे पटवून देतात.’

वाक्यात व्याकरणाची चूक नाही. म्हणणंही खोटं नाही. पण हेच वाक्य उचलून टिळकांच्या अग्रलेखाला चिकटवलं, तर तिथेही ते तितकंच घट्ट बसेल. विश्लेषण शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते. नाव दिलं की काम झालं असं वाटतं, पण नाव देऊन काहीच उलगडलेलं नसतं.

वर्गात तिघातिघांचे गट होते. तिच्या गटात ओहायोच्या शेतकरी घरातला एक मुलगा आणि टेक्ससची एक मुलगी. बाबासाहेबांचं नाव दोघांनीही पहिल्यांदाच ऐकलं होतं. अभिप्राय देण्याची रीत ठरलेली होती: छान आहे, वाईट आहे असं म्हणायचं नाही. वाचताना आपल्या मनात क्रमाने काय काय झालं, कुठे थांबलो, कुठे हरवलो, तेवढंच सांगायचं. ही रीत पीटर एल्बो यांच्या १९७३ च्या ‘रायटिंग विदाऊट टीचर्स’ या पुस्तकाने अमेरिकी वर्गांत रुजवली. यातली खुबी अशी की वाचणाऱ्याला लेखनातलं फार कळत नसलं तरी चालतं. तो कुठे अडखळला हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं कुणी सांगू शकत नाही.

टेक्ससच्या मुलीने समासात लिहिलं होतं: ‘वाचक, वाचक म्हणतेस, तो कोण? सभागृहात कोण बसलेलं असणार होतं?’ आणि ओहायोच्या मुलाने रामदासांच्या नावाभोवती गोल काढून विचारलं होतं, ‘हा माणूस कोण? भाषणाच्या सुरुवातीलाच का आलाय? तू एका ओळीत उरकलंस.’

रामदास कोण, हे नाशिकच्या मुलीला तोवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणूनच भाषणातली ती जागा तिच्या नजरेतून निसटली होती. तिने मूळ भाषण पुन्हा उघडलं. आरंभी बाबासाहेब मंडळाबद्दल सहानुभूती दाखवतात. माझ्यासारख्याला अध्यक्ष केल्याबद्दल तुम्हाला लोक जाब विचारतील, असं सांगतात. मग शास्त्रांचा दाखला देतात की गुरू ब्राह्मणच असला पाहिजे. आणि मग रामदास. महाराष्ट्रातले ब्राह्मण संत, शिवाजी महाराजांचे प्रेरक मानले गेलेले, अशी ओळख करून देऊन ते दासबोधातला प्रश्न मांडतात: अंत्यज पंडित आहे म्हणून त्याला गुरू करावं काय? रामदासांचं उत्तर नकाराचं आहे, हेही सांगतात.

तिचं लक्ष त्या ओळखीवर गेलं. पुण्याच्या सभेत रामदासांची अशी ओळख करून दिली असती तर ते विचित्र वाटलं असतं. लाहोरात ती हवी होती, कारण समोरच्या पंजाबी सुधारकांना रामदास ठाऊक असतील याची खात्री नव्हती. म्हणजे ओहायोचा मुलगा आणि लाहोरचा श्रोता या एका बाबतीत शेजारी शेजारी बसले होते आणि बाबासाहेबांनी त्यांची सोय नव्वद वर्षांपूर्वीच करून ठेवली होती. ही सोय तिच्या मसुद्यात नव्हती.

मग दुसरं दिसलं. विरोधक जे बोलतील ते बाबासाहेब स्वतःच, तेही विरोधकांना पूज्य असलेल्या तोंडून, आधीच बोलून टाकतात. आक्षेपाची धार तिथेच बोथट होते. आणि मंडळालाही कळून चुकतं की या माणसाला व्यासपीठावर बोलावून आपण शास्त्र मोडून बसलोच आहोत. पुढे शास्त्रांचं प्रामाण्य सोडा असं ते म्हणतात, तेव्हा पहिलं पाऊल आधीच पडलेलं असतं. हे सगळं ‘ईथॉस’च्या खणात मावत नव्हतं. तिने खणच काढून टाकले.

नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. नवखे विद्यार्थी आणि मुरलेले लेखक आपलं लिखाण कसं सुधारतात, याची तुलना त्यात आहे. विद्यार्थी शब्द बदलत होते: हा नको, तो घालू, ही पुनरुक्ती काढू. मुरलेले लेखक आपल्या म्हणण्याचा आकार शोधत होते आणि वाचक डोळ्यांपुढे ठेवून अख्खे भाग हलवत होते. या मुलीच्या बाबतीत हा फरक दुसऱ्या मसुद्यापासून दिसायला लागला. पहिल्या मसुद्यातली फार थोडी वाक्यं त्यात उरली.

तिने सगळ्यात जास्त वेळ घालवला तो पाच प्रश्नांवर. भाषणाच्या पूर्वार्धात बाबासाहेब राजकीय वृत्तीच्या हिंदूंना सवाल करतात: तुमच्याच देशबांधवांतल्या एवढ्या मोठ्या वर्गाला तुम्ही हे नाकारता, तरी तुम्ही सत्तेला लायक आहात का? प्रत्येक प्रश्नाची सुरुवात तीच, बदलतं ते नाकारलेलं सुख. पहिल्या मसुद्यात तिने याला ‘पुनरावृत्ती’ असं नाव देऊन सोडून दिलं होतं. आता तिने क्रम लिहून काढला: शाळा, विहीर, रस्ता, कपडे-दागिने, अन्न. सरकारी इमारतीपासून सुरू झालेला प्रश्न पाणवठ्यावरून, वाटेवरून माणसाच्या अंगावर येतो आणि शेवटी त्याच्या तोंडातल्या घासाशी पोचतो.

आणि या प्रश्नांच्या आधी काय आहे? पेशवाईतलं पुणं. मग इंदूर संस्थानातले बलाई, ज्यांच्या पोशाखावर आणि दागिन्यांवर सवर्णांनी बंधनं घातली. गुजरातेतलं कविठा, जिथे गावच्या शाळेत मुलं पाठवण्यावरून अस्पृश्यांना छळलं गेलं. अहमदाबाद जिल्ह्यातलं झानू, जिथे बायकांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणलं म्हणून मारहाण झाली. जयपूर संस्थानातलं चकवारा, जिथे पंगतीत तूप वाढलं म्हणून जेवणाऱ्यांवर हल्ला झाला. शाळा, पाणी, कपडे, तूप. म्हणजे प्रश्न येण्याआधी पुरावा येऊन बसलेला आहे. श्रोत्याला ‘असं कुठे होतं?’ म्हणायला जागाच उरत नाही.

दुसऱ्या मसुद्यातलं तिचं वाक्य असं झालं: ‘प्रश्न सुरू होतात तेव्हा श्रोत्याने त्यांची उत्तरं गावांच्या नावांसकट ऐकलेली असतात, म्हणून त्याच्यापुढे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि हो म्हणणं अशक्य होतं.’ जुन्या वाक्याशेजारी हे ठेवून पाहिलं की काय घडलं ते दिसतं. हे वाक्य टिळकांच्या अग्रलेखाला चिकटत नाही. ते या एकाच भाषणाचं आहे.

टेक्ससच्या मुलीची शंका तरीही फिटली नव्हती. दुसऱ्या फेरीत तिने विचारलं, ‘पण हे प्रश्न सभागृहातल्या लोकांना नाहीतच ना? ते तर सुधारक. मग हा ‘तुम्ही’ कोण?’ शंका अगदी रास्त होती. हे सवाल राजकीय सुधारणेपुढे सामाजिक सुधारणा मागे टाकणाऱ्यांना आहेत. समोर बसलेले जातपात तोडक मंडळाचे लोक ते बाजूने ऐकत असणार होते. मग हळूहळू ‘तुम्ही’ त्यांच्याकडे वळतो. सहभोजनं आणि आंतरजातीय विवाह यांच्यापलीकडे जाऊन शास्त्रांनाच हात घालावा लागेल, हे त्यांना ऐकवलं जातं. आधी दुसऱ्यांची झडती होताना मान डोलावलेला श्रोता मग स्वतःच्या झडतीला नाही म्हणू शकत नाही. ‘तुम्ही’ कुठे कुठे वळतो याची तिने भाषणभर पेन्सिलीने खूण केली. निबंधाचा कणा तिथे सापडला.

याच शोधात ती १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेपाशी पोचली. भाषणाचा ढंग काढून याचा सरळ निबंध करा, असं बाबासाहेबांना सुचवलं गेलं होतं. इतिहास आणि आवाहनाचा परिणाम, या दोन कारणांनी त्यांनी भाषणाचं रूप तसंच ठेवलं. सभा झाली नाही, श्रोते जमले नाहीत, तरी ‘तुम्ही’ राहिला. बदल मात्र त्यांनी वर्ज्य मानला नव्हता. याच आवृत्तीला त्यांनी ‘हरिजन’मधली गांधीजींची टीका जोडली आणि तिला दिलेलं उत्तरही. १९१६ च्या मे महिन्यात, कोलंबियात विद्यार्थी असताना, परिसंवादात वाचलेला जातींच्या उगमावरचा आपला निबंध यात मिसळून सगळं नव्याने लिहायचंही त्यांच्या मनात होतं. वेळ मिळाला नाही, म्हणून १९४४ ची आवृत्ती पुनर्मुद्रणच राहिली, असं ते तिच्या प्रस्तावनेत सांगतात. मंडळाने काय गाळायचं ते सांगितलं होतं. तिच्या गटातल्या दोघांनी काय कळलं नाही ते विचारलं होतं. स्वल्पविराम कुठे राखायचा आणि परिच्छेद कुठे मोडायचा, हा विवेक करताना हा फरक तिच्या उपयोगी पडला.

अभिप्राय द्यायची पाळी तिच्यावरही आली. ओहायोच्या मुलाने मार्टिन ल्यूथर किंग यांचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं १६ एप्रिल १९६३ चं पत्र घेतलं होतं. ते त्याच्या इतकं अंगवळणी पडलेलं होतं की पत्र कुणाला लिहिलंय, हे मसुद्यात आलंच नव्हतं. अपमानांची यादी करत जाणारं तीनशेहून जास्त शब्दांचं एकच लांबलचक वाक्य त्याने ‘पॅथॉस’ म्हणून नोंदवलं होतं. तिने समासात लिहिलं, ‘हे वाक्य एवढा वेळ संपत नाही, तेव्हा वाचणाऱ्याला काय करावं लागतं? आणि वाचणारा कोण?’

त्याने शोध घेतला. पत्र अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून होतं. त्यांनी चारच दिवस आधी निवेदन काढून निदर्शनांना विरोध केला होता, धीर धरायला सांगितलं होतं आणि बाहेरच्या लोकांकडे बोट दाखवलं होतं. निवेदनात किंग यांचं नाव कुठेही नव्हतं. पत्राच्या आरंभीच आपण बर्मिंगहॅमला का आलो याचा खुलासा किंग का करतात, ते त्याला आता लागलं. आणि न संपणाऱ्या वाक्यात, धीर धरा म्हणणाऱ्यांनाच थांबून राहायला लावलंय, हे त्याने पुढच्या मसुद्यात आपल्या शब्दांत मांडलं. तो मसुदा घेऊन तिघं पुन्हा बसले, तेव्हा टेक्ससच्या मुलीने पहिल्याच पानावर विचारलं, ‘पण हे आठजण कोणकोणत्या पंथांचे होते?’