हसू जमेला, पण नावे कोणाच्या?



मागच्या महिन्यात दोघी-तिघींनी फोन करून एकच गोष्ट विचारली. "पर्युषणातल्या तुमच्या विनोदी नाटिका तुम्हाला सुचतात कशा? आम्हाला तर एक वाक्य सुचत नाही." खरं सांगते, मलाही बसल्या बसल्या काही सुचत नाही. सामायिकाला जसं रोज बसावं लागतं, तसंच याच्यासाठीही रोज बसावं लागतं. मी कशी बसते ते आज लिहिते. पण त्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगायला हवी, कारण या रोजच्या बसण्याची सुरुवात तिथूनच झाली.

आमच्या धावड्यासारख्या गावात महिला मंडळ म्हणजे मोजून पंधरा-वीस जणी. सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. तीन वर्षांपूर्वी पर्युषणात दुपारच्या कार्यक्रमासाठी मी एक नाटिका लिहिली. रोजचा सराव वगैरे काही नव्हता, एका रात्रीत लिहून काढली. तिच्यात एक आजीबाई होत्या. प्रवचनाला पहिल्या रांगेत बसायच्या, पाच मिनिटांत डुलक्या घ्यायच्या आणि मध्येच जाग आली, की मोठ्याने "तहत्ति!" म्हणायच्या. शेवटी कोणीतरी घोषणा करतं, "कोणाचा चष्मा राहिला आहे का?" आणि आजीबाई झोपेतून उठून हात जोडतात, "तहत्ति!"

बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. हसता हसता सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिथे आमच्या गल्लीतल्या काकीजी बसल्या होत्या. विहारात महासतीजी गावात थांबल्या, की प्रवचनाला सगळ्यात आधी येणाऱ्या आणि सगळ्यात आधी झोपणाऱ्या. त्याही हसल्या. मला वाटलं, चला, त्यांनाही आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून काकीजी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसू लागल्या. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

संवत्सरीनंतर मिच्छामि दुक्कडं म्हणायला घरोघरी गेले, तशी त्यांच्याकडेही गेले. सवयीने हात जोडले आणि निघणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "बेटा, एक सांगू का? तुझ्या काकाजींना अर्धांगवायू झाल्यापासून रात्री दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. मला रात्रीची झोप अशी नाहीच. प्रवचनात बसलं, की जिवाला बरं वाटतं आणि डोळा लागतो. आता तिथंही जागं राहते मी. लोक बघतात ना."

आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं. मी पुन्हा हात जोडले. त्या दिवशीचं पहिलं खरं मिच्छामि दुक्कडं तेच.

त्यानंतर वर्षभर मी एक ओळ लिहिली नाही. मनात एकच प्रश्न होता, आपल्या धर्मात हसण्याला जागा आहे तरी का? आपण रोज म्हणतो ते नीट आठवून पाहा. सामायिकाचे 32 दोष आहेत, 10 मनाचे, 10 वचनाचे, 12 कायेचे. त्या वचनाच्या दहांमध्ये "हास्य" आहे. बारा व्रतांतलं आठवं अनर्थदंड विरमण व्रत. त्याचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो. त्यांतले पहिले तीन पाहा. कंदर्प म्हणजे विकार जागवणारी थट्टा, कौत्कुच्य म्हणजे नकला आणि अंगविक्षेप करून हसवणं आणि मौखर्य म्हणजे वायफळ बडबड. माझी नाटिका जणू समोर ठेवूनच ही यादी केली आहे असं वाटलं. चारित्र मोहनीय कर्माचे 16 कषाय आणि 9 नोकषाय. त्या नऊ नोकषायांत पहिलं नाव हास्याचं. सत्य महाव्रताच्या पाच भावनांमध्येही क्रोध, लोभ आणि भय यांच्याबरोबर हास्याचा त्याग सांगितला आहे, कारण माणूस थट्टेच्या भरात खोटं बोलून जातो.

हे सगळं वाचून मी वही माळ्यावरच टाकणार होते. पण मग आचार्य हरिभद्रसूरी आठवले. आठव्या शतकातले एवढे मोठे आचार्य, योगावर आणि न्यायावर ग्रंथ लिहिणारे. त्यांनीच प्राकृतात "धूर्ताख्यान" रचलं आहे. पावसाळ्यात उज्जयिनीच्या बागेत पाच धूर्त अडकतात आणि वेळ घालवायला एकाहून एक अचाट थापा मारतात. चार पुरुष आणि एक बाई, खंडपाना. जिंकते कोण, तर खंडपाना. तिची गोष्ट खरी मानावी तर ते चौघे तिचे पळालेले नोकर ठरतात, खोटी म्हणावी तर सगळ्यांना जेवण घालावं लागतं! त्या ग्रंथाचा रोख दुसऱ्यांच्या पुराणांवर आहे, तो भाग वेगळा. पण हसवणं आपल्या आचार्यांनाही वर्ज्य नव्हतं एवढं मला कळलं. मग प्रश्न उरला तो हसण्याचा नव्हे, हसू कशातून काढायचं याचा.

त्याच सुमारास काकीजींनी मला रस्त्यात थांबवलं. "यंदा नाटिका नाही का?" मी गप्प. त्या म्हणाल्या, "लिही गं. घरात हसायला काही नसतं. फक्त जरा बघून लिही."

"बघून लिही" म्हणजे नेमकं काय करायचं? मी बी.कॉम. झालेली बाई. लग्नानंतर आमच्या दुकानाचा रोजमेळ आणि खतावणी बरीच वर्षं मीच लिहिली. मला जे येतं त्याच रीतीने मी विनोदाची वही सुरू केली. ती रीत अशी आहे.

सकाळचं सामायिक पूर्ण झालं, की तीच वाळूची घडी मी पुन्हा एकदा उलटी करते. आणखी 48 मिनिटं. सामायिकात हास्य नको, म्हणून ते आधी पूर्ण करायचं आणि मगच वही उघडायची. फोन दुसऱ्या खोलीत. सुचो न सुचो, वाळू संपेपर्यंत उठायचं नाही.

पहिलं काम, काल घडलेली एक गोष्ट तीन ओळींत जशीच्या तशी लिहायची. विनोद करायचा नाही. एकदा मी लिहिलं, "काल एकासणं होतं. अकरा वाजता जेवायला बसले. मी एकला उठले. मध्ये भाजीवालीने हाक मारली तरी उठले नाही." बस, एवढंच. पहिले पंधरा दिवस मी फक्त हेच केलं. तेवढ्यात एक कळलं, की आपल्या घरात गमती भरपूर घडतात, त्या टिपून ठेवायला कोणी नसतं.

दुसरं काम, त्या गोष्टीचे दहा शेवट लिहायचे. पहिले तीन-चार तेच निघतात जे कोणालाही सुचतील. ते लिहून टाकले, की डोकं रिकामं होतं आणि पुढे काहीतरी नवं येतं. माझा कामाचा शेवट बहुतेक वेळा सातवा-आठवा असतो. काही दिवशी दहाही वाया जातात. दुकानात एखादा दिवस बोहनी होत नाही, म्हणून कोणी दुकान बंद करतं का?

तिसरं काम शब्दांच्या जागेचं. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसू आणणारा शब्द वाक्याच्या मध्येच दडून राहतो. बोलताना आपण तो आपोआप शेवटी नेतो, लिहिताना मात्र विसरतो. ते एकासणाचं वाक्य मी असं केलं: "एकासणं म्हणजे एका आसनावर बसून एकदाच जेवायचं. मी नियम अजिबात मोडला नाही. बसले अकराला आणि उठले एकला." शब्द तेच, पण "मी एकला उठले" यात कोणी हसत नाही. "उठले एकला" म्हटलं, की बायका हसतात. करून बघा.

चौथं काम, मोठ्याने वाचून दाखवायचं. मी आमच्या ह्यांना वाचून दाखवते. ते वर्तमानपत्र खाली न ठेवता "ठीक आहे" म्हणतात. आमच्याकडे टाळ्या म्हणजे एवढ्याच. पण वाचताना जिथे माझीच जीभ अडते ते वाक्य लांब झालेलं असतं, ते मी कापते.

पाचवं काम संध्याकाळचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. मैत्रिणींनो, जमाखर्चाचा साधा नियम आहे, जमा आहे तर नावेही आहे. तसं प्रत्येक हसू कोणाच्या तरी नावे पडतं. सासू विसराळू म्हणून हसलो तर सासूच्या नावे, सून उशिरा उठते म्हणून हसलो तर सुनेच्या नावे. म्हणून वहीत मी एक रकाना आखला, "नावे कोणाच्या". संध्याकाळी प्रतिक्रमणात आठव्या व्रताचे अतिचार म्हटले, की सकाळचा विनोद आठवायचा आणि नंतर तो रकाना भरायचा.

पहिल्या महिन्याची बेरीज केली आणि मीच हादरले. 30 नोंदींपैकी 19 दुसऱ्या माणसांच्या नावे. त्यांतल्या 6 एकट्या जाऊबाईंच्या! मिक्सर, मोबाईल, गॅस अशा वस्तूंच्या नावे 6 आणि माझ्या स्वतःच्या नावे जेमतेम 5. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खात्यावर हसत आले होते.

मग ठरवलं, रोजचा विनोद शक्यतो आपल्याच नावे टाकायचा. दुसऱ्या कोणाच्या नावे पडत असेल, तर आधी त्या माणसाला वाचून दाखवायचा. तो मोकळा हसला तर ठेवायचा, नुसतं तोंडदेखलं हसला तर खोडायचा. हा फरक ओळखायला मला काकीजींनी शिकवलं.

आपल्यावर हसून किती चांगलं लिहिता येतं हे मराठीत पुष्कळांनी दाखवलं आहे. चि. वि. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक. एवढे विद्वान, पण त्यांचा चिमणराव स्वतःच्याच फजित्या स्वतः सांगतो. पद्मजा फाटक यांनी स्वतःच्या किडनीच्या आजारपणावर "हसरी किडनी" लिहिलं. शि. द. फडणीसांच्या किती तरी चित्रांत तर शब्दच नाहीत, लागणार कोणाला? आणि आपल्या मराठवाड्यातले प्रा. लक्ष्मण देशपांडे. माझ्या कॉलेजच्या दिवसांत त्यांच्या "वऱ्हाड निघालंय लंडनला"चं नाव होऊ लागलं होतं. एकटा माणूस 52 पात्रं उभी करायचा. तेव्हा वाटायचं, ही जन्माची देणगी. आता वाटतं, देणगी असेलही, पण 52 माणसं एका अंगात बसवायची तर रोजची मेहनत लागणारच.

माझ्या वहीचं म्हणाल तर आता दोन वर्षं होतील. गेल्या महिन्यात 30 पैकी 18 नोंदी माझ्या नावे निघाल्या. जाऊबाईंची एकच आणि ती त्यांनीच आग्रहाने लिहायला लावली. विनोद खूप सुधारला असं नाही म्हणणार. पण एक फरक झाला. पूर्वी कोणी चुकलं, की मला आधी हसू यायचं. आता आधी प्रश्न पडतो, हिचं असं का होत असेल? त्या प्रश्नातूनच बऱ्याचदा जास्त चांगली गोष्ट मिळते.

मागच्या पर्युषणात मी तपस्येची नाटिका लिहिली, मुख्य पात्र मीच. चौविहाराचा नियम घेतलेली बाई सूर्यास्ताआधीच्या दहा मिनिटांत काय काय तोंडात कोंबते, एवढाच विषय. घरोघरी तेच चालतं, त्यामुळे कोणाच्या माना कुठे वळल्या नाहीत. सगळ्या आपापल्याकडेच बघून हसत होत्या.

काकाजी गेल्या पौषात गेले. आता काकीजींना रात्री उठावं लागत नाही, पण त्या म्हणतात, दर दोन तासांनी जाग येतेच. कूस बदलायला हात पुढे जातो आणि मग आठवतं. प्रवचनात मात्र अजून डोळा लागतो. त्या पुन्हा पहिल्या रांगेत बसतात, शेजारी मी. कोणी काही घोषणा करायला उभं राहिलं, की मी हळूच त्यांचा हात दाबते.

उद्या सामायिक झालं, की एक वही घ्या आणि कालची एक गोष्ट तीन ओळींत लिहा. संध्याकाळी रकाना भरायला विसरू नका.

लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं.