दहा आकडे

घर बदलले तर नवा पत्ता चार लोकांना कळवता येतो. फोनचा नंबर बदलला, तर तो कोणाकोणाला पाठ होता हेच आपल्याला ठाऊक नसते.

जुलै २०२४ मध्ये बड्या खाजगी कंपन्यांनी मोबाइलचे दर वाढवले. वाटूरच्या आमच्या घरातला सर्वांचा मिळून एक फोन, ग्राहकसंख्येने त्यांच्याहून लहान अशा भारत संचार निगमाकडे नेण्याचे मी ठरवले. मास्तरांचा हिशेब सरळ होता. आडवी आली ती आई. तिला अक्षरओळख नाही, पण आमचे दहा आकडे ओवीसारखे पाठ आहेत. परभणीला दिलेल्या माझ्या बहिणीकडून ते तिनेच घोकून घेतले होते.

"स्वस्त राहू दे," ती म्हणाली, "लेकीला अर्ध्या रात्री माहेर सापडलं पाहिजे."

मी समजावले, की २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा नंबर न बदलता कंपनी बदलता येते. १९०० वर संदेश धाडायचा, आठ अक्षरी संकेत येतो, तो नव्या कंपनीला द्यायचा. आईने मान हलवली. विश्वास काही ठेवला नाही.

नवे सिम सुरू झाले. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. खुशाली राहिली बाजूला; आईने विचारले, "कोणत्या नंबरावर लावलास गं?"

"आपल्याच की!"

त्या रात्री आई लवकर झोपली.