खारपाणातील काचपेटी

अमरावतीहून दर्यापूरमार्गे अकोल्याला कधी गेलात तर वाटेत एखाद्या घरी पाणी मागून पाहा. पूर्णेच्या दोन्ही काठांचा हा खारपाण पट्टा. विहीर तुडुंब असली तरी तिच्या पाण्यावर ओलित होत नाही. हरभरा, कपाशी सारे कोरडवाहू.

याच रस्त्यावरच्या एका ओळखीच्या घरी ओसरीवर काचेची पेटी दिसली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे पन्नासेक लिटर पाणी. पोरांनी शहरातून निळे-लाल निऑन टेट्रा, दोन एंजल आणि एक गोल्डफिश आणले होते. आठवडाभरात निऑन संपले. धाकटी मुलगी मला म्हणाली, "काका, आम्ही तर रोज खाऊ घालत होतो."

चूक खाऊची नव्हती. निऑन आणि एंजल मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ पाण्याचे. विहिरीचे क्षारयुक्त, जास्त सामूचे पाणी निऑनला सोसत नाही. त्यातून वाढलेला एंजल निऑनला गिळतो. गोल्डफिश थंड पाण्याचा आणि घाण फार करणारा. तिघांची सोयरीक जुळायचीच नाही.

आपण जमीन पाहून वाण निवडतो, तसे पाणी पाहून मासा निवडावा. या पट्ट्यासाठी मी गप्पी, मॉली आणि प्लॅटी सुचवीन. हिवतापासाठी आरोग्य खात्याची माणसे टाक्यांत सोडतात तोच हा गप्पी. मॉलीला तर थोडे खारट पाणी मानवते. तिघेही शांत स्वभावाचे. एका नराला दोन-तीन माद्या ठेवा. पिले आपोआप होतात. टायगर बार्ब मात्र दुकानदाराने कितीही गळ घातली तरी घेऊ नका. तो गप्पीच्या शेपट्या कुरतडतो. विहीर फारच खारट असेल तर निम्मे गोडे पाणी मिसळा. नळाचे असेल तर एक दिवस उघडे ठेवून.

सगळे मासे एकदम सोडू नका. जमिनीत अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू असतात, तसेच पेटीतही तयार व्हावे लागतात. त्याला महिनाभर लागतो. तोवर विष्ठेतला अमोनिया साचतो, आणि जास्त सामूच्या पाण्यात तो अधिकच जहरी. आधी तीन-चार गप्पी, मग हळूहळू दहा-बारापर्यंत. खाऊ चिमूटभरच, दोन मिनिटांत संपेल इतका.

आणि अकोल्याचा मे महिना! पारा पंचेचाळिशीवर जातो. पेटी टिनाखाली ठेवू नका. उन्हाने पाणी उडते, क्षार मात्र आतच राहतात. म्हणून घटलेली भर विहिरीच्या नव्हे, गोड्या पाण्याने करा. पिले जास्त झाली तर शेजारच्या पोरांना द्या, नाल्यात सोडू नका. हा मासा परदेशचा आहे.

त्या ओसरीवर आता मॉलीची काळी पिले फिरतात. एंजल आणि गोल्डफिश दुकानदाराने परत घेतले, अर्ध्या किमतीत.