गुरूचा खून आणि ९१ नंबरची बस

गोष्ट तुम्हाला पाठ आहे. पहिल्या दहा मिनिटांत गुरूचा खून. पोरगा डोंगरात पळतो, एक खडूस म्हातारा त्याला पाणी भरायला लावतो आणि शेवटी पांढऱ्या भुवयांच्या व्हिलनशी मोकळ्या माळावर फायटिंग. आवाज ओठांच्या मागे-पुढे धावणारा. मला हे सिनेमे भयंकर आवडतात. म्हणूनच हाँगकाँगच्या ऑफिस ट्रिपमधला एकुलता एक मोकळा शनिवार मी शॉपिंगला न देता डायमंड हिलहून सुटणाऱ्या ९१ नंबरच्या बसला दिला.

बस क्लिअर वॉटर बेच्या दिशेने चढते. याच रस्त्यावर शॉ ब्रदर्सचं मूव्हीटाउन. १९६१ मध्ये उघडलेली ही चक्क सिनेमाची फॅक्टरी. सेट, लॅब, डबिंग, सगळं एकाच कंपाउंडमध्ये. हिरो-हिरॉइन काँट्रॅक्टवर, ठरलेल्या पगारावर. अनेकांचं राहणंही आतच. (म्हणजे 'सर, आज लवकर निघतो' हा विषयच नाही!) आवाज नंतर भरायचा, त्यामुळे शूटिंगला शांतता लागायची नाही. या सिनेमातली खानावळ पुढच्या सिनेमात पुन्हा भेटायची.

याच फॅक्टरीतून १९७८ मध्ये 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' निघाला. दिग्दर्शक लाउ कार-लेउंगने फॉर्म्युला तोच ठेवला, फक्त सूड मागे सारून ट्रेनिंगला पुढे आणलं. दंडाला सुऱ्या बांधलेला गॉर्डन लिउ पाण्याच्या बादल्या वाहतो. हात खाली आले की सुरी अंगात. सोमवारी सकाळी लोकलमध्ये लटकताना मला हमखास हाच सीन आठवतो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शॉंनी सिनेमे आवरते घेतले आणि टीव्हीवर भर दिला. २००३ मध्ये टीव्हीबी चॅनलही इथून दुसरीकडे गेलं. मी पोचलो तेव्हा गेट बंद होतं. जाळीतून दिसल्या त्या रंग उडालेल्या भिंती आणि माजलेलं गवत. सिनेमे मात्र वाचले. सेलेस्टियल पिक्चर्सने २००० मध्ये शॉंची लायब्ररी घेतली आणि शेकडो सिनेमे साफसूफ करून डीव्हीडीवर आणले. त्यात हिरो एकदम चकाचक झाला. छपरावरून पाठीवर पडणारे स्टंटमन मात्र कोण होते, हे आपल्यासारख्या पंख्यांनाही सांगता येत नाही. आणि ते पडले ती जमीन कुलपाआड.

९१ पुढे बीचपर्यंत जाते, ऑक्टोपस कार्ड चालतं. मी गेटपाशी अर्धा तास उभा होतो, तेवढ्यात तीन बस भरून गेल्या. कुणी उतरलं नाही.