चोर्ला घाटात सापडलेला बिघाड

टिळकवाडीहून मंगेशीला जायचं तर आमच्या घरचा रस्ता ठरलेला: पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी. लहानपणी या रस्त्यावर मी फक्त उलट्या केल्या. यंदा मे महिन्यात तो पहिल्यांदा नीट पाहिला, कारण बाबांची गाडी विकायची की ठेवायची, ते या घाटात ठरणार होतं.

गाडी तेरा वर्षांची, डिझेल, चार गिअरची ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबांना क्लच दाबवत नाही. म्हणजे ही गाडी गेली की बाजार, बँक, देवदर्शन सगळं दुसऱ्याच्या सवडीवर. फेब्रुवारीपासून ते फोनवर सांगत होते, "घाट चढताना मध्येच जीव जातो रे तिचा. थंड असते तोवर काही नाही."

मी पुण्याहून आलो, कॉलेज रोडवर दोन चकरा मारल्या आणि म्हणालो, "व्यवस्थित तर चालतेय, बाबा." आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं हे पेटंट उत्तर: माझ्या मशीनवर तर चालतंय! एका वर्कशॉपने गाडी न चालवताच अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला; खर्च जवळपास गाडीच्या किमतीइतका. मी विक्रीसाठी फोटो काढायचं ठरवलं. बाबा काही बोलले नाहीत. सकाळी उठून त्यांनी गाडी धुतली, पुसली आणि फोटोसाठी उन्हात उभी केली.

आई म्हणाली, "विकायच्या आधी एकदा मंगेशीला तरी जाऊन येऊ."

बाबांनी चालवायचं आणि मी शेजारी बसून बघायचं असं ठरलं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला. घाटात मोबाइलला रेंज नसली तरी त्याचं काही अडत नाही. फोनवर चार आकडे ठेवले: वेग, इंजिनाचा आरपीएम, चालू गिअर आणि गिअरबॉक्समधल्या तेलाचं तापमान.

जाताना काहीच झालं नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच, त्यामुळे गोव्याकडे जाताना उतारच. अंजुणे धरणाचं पाणी डाव्या-उजव्या वळणांतून दिसत राहिलं आणि बाबा गिअर खाली ठेवून, ब्रेक न तापवता, आरामात उतरले. दर्शन झालं, जेवण झालं.

खरी परीक्षा परतीची. केरी सोडलं आणि चढ लागला. तेल ८५ अंशांवरून १०५ वर गेलं. एका तीव्र वळणावर बाबांनी अॅक्सिलरेटर दाबला, पण गिअर खाली येईना. तिसऱ्यातच अडकून इंजिन घुमू लागलं. "बघ, आता गेला जीव," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, सुटका होती. कुणीतरी शेवटी पाहिलं होतं.

इथेच एक महत्त्वाची गोष्ट कळली. गिअरबॉक्स आतून घसरत असेल तर आरपीएम वर जातो आणि वेग मात्र वाढत नाही. इथे दोन्ही एकत्रच रेंगाळत होते. म्हणजे क्लच प्लेट घसरत नव्हत्या. गाडीच्या कॉम्प्युटरने घाबरून एकच गिअर धरून ठेवला होता. याला लिम्प मोड म्हणतात.

रुंद जागा बघून थांबलो. कोड निघाला पी०७१५. गिअरबॉक्समध्ये येणारे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा सिग्नल नीट येत नव्हता. फेरेच कळेनात, तर कॉम्प्युटर गिअर बदलणार कशाच्या भरवशावर? वीस मिनिटांनी गाडी सुरू केली, तर चारही गिअर झक्क पडले. थंड झाली, बरी झाली. बाबा फेब्रुवारीत हेच म्हणाले होते.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ सपाट जागा मिळाली. मलप्रभेचा उगम इथलाच. ती पूर्वेला कृष्णेकडे जाते आणि याच तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्याकडे. आई तीर्थाशी गेली आणि आम्ही बॉनेट उघडलं. आमच्या गाडीला तेलाची डिपस्टिक आहे. ते तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून परत 'पी'वर आणून तपासायचं असतं. पातळी बरोबर निघाली. रंग काळपट लाल, पण जळका वास नाही. क्लच जळले असते तर नाकालाच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या मेस्त्रींनी सेन्सर काढला. मीटरवर रीडिंग ठीक. मग त्यांनी हेअर ड्रायरने तो तापवला आणि रीडिंग गायब झालं! नवा सेन्सर, हिरवट पडलेला कनेक्टर साफ, तेल बदललं. गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही.

प्रत्येक गाडीचा आजार इतका स्वस्तात जाईल असं नाही. तेलाला जळका वास येत असेल, त्यात धातूचा चुरा दिसत असेल, तर खर्च अटळ. पण वर्कशॉपला जाण्याआधी तीन प्रश्न विचारून पाहा: त्रास थंडपणी की गरम झाल्यावर? एकाच गिअरला की सगळ्या? आरपीएम एकटाच वाढतो की वेगही त्याच्याबरोबर असतो? आणि उत्तरं त्यांना विचारा, जे ती गाडी रोज चालवतात.

फोटो मी पुसून टाकले. परवा बाबांचा फोन आला, कणकुंबीहून. मागे आईचा आवाज ऐकू येत होता. "चढलो बघ," ते म्हणाले, "एकदाही अडली नाही."