उभ्या उभ्या ताशी सहा

काकाजींची बुलेट अंगणात स्टँडवर उभी असायची, तेव्हाही तिचा काटा ताशी सहा किलोमीटरवर असायचा. इंजिन बंद, चाकाखाली विटेचा तुकडा, सीटवर चिमण्यांची घाण, आणि मीटर मात्र बैलगाडीच्या वेगाने चाललेला. लहानपणी मला वाटायचं, ही गाडी झोपेत चालते. पुढे कळलं की मीटरच्या आत केसासारखी बारीक स्प्रिंग असते, ती काट्याला शून्याकडे ओढते. आमच्या मीटरची स्प्रिंग थकली होती. काट्याला घरी परतायचा कंटाळा आला होता, एवढंच.

बुलेटचा मीटर हेडलाइटच्या डोक्यावर बसतो, आभाळाकडे तोंड करून. त्यामुळे ऊन, पाऊस आणि कडुलिंबाच्या निंबोळ्या सगळं त्याच्याच तोंडावर. काच कडेने पिवळी पडलेली, कडीचा निकेल उडालेला. पावसाळा लागला की काचेला आतून घाम यायचा आणि वेग किती ते आठवणीने ठरवावं लागायचं. तबकडीच्या तळाशी एक वाळकी मुंगी पडलेली होती. पत्र्याच्या कडीने गच्च आवळलेल्या त्या डबीत ती शिरली कुठून, हा प्रश्न मी शाळेत असल्यापासूनचा.

स्वभावाने काटा अधीर. गाडी जरा सरकली की एकदम विशीवर उडी घ्यायची, मग जीभ चावल्यासारखं पंधरावर यायचं, पुन्हा बावीस. तिशीपर्यंत ही लपलप. चाळिशी आली की माणसासारखाच तो शांत व्हायचा. साठीच्या पुढे आम्ही त्याला क्वचितच नेला. भंडारा-पवनी रस्त्याची तेव्हाची अवस्था ज्यांना ठाऊक आहे ते कारण विचारणार नाहीत. तबकडीचा उजवा अर्धा भाग काट्याने बहुधा कधी पाहिलाच नाही.

आतली रचना मोठी गमतीची. पुढच्या चाकाच्या हबमध्ये दात्यांची एक जोडी, तिला जोडलेली मीटरची वायर. वायर म्हणजे काळ्या नळीत फिरणारा तारेचा पीळ. चाक फिरलं की वायर फिरते, वायर फिरली की मीटरमधलं चुंबक फिरतं. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी. चुंबक फिरू लागलं की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते, स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थबकेल तिथे काटा. ऑटो शुल्झ नावाच्या जर्मन गृहस्थाने १९०२ साली याचं पेटंट घेतलं आणि विसाव्या शतकातल्या बहुतेक गाड्या याच वाटीच्या भरवशावर धावल्या. चाकापासून चुंबकापर्यंत सगळे एकमेकांना घासत, ग्रीस फासून घेत येतात. शेवटच्या केसभर अंतरात मात्र कडक सोवळं. चुंबकाचा वाटीला स्पर्श म्हणून नाही.

हा मीटर खोटं बोलायचा. मोबाइल हातात आल्यावर मी एकदा पडताळून पाहिलं: मोबाइलवर पन्नास, काटा पंचावन्न ते साठच्या मधे थरथरतोय. पण मीटरांच्या जगात हा गुन्हा नाही. युरोपातला नियमच असा की मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तर दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर एवढी सूट. म्हणजे साठला सत्तर दाखवणारासुद्धा कायद्याने सज्जन. शिवाय आमच्याला एकाच दिशेने खोटं बोलायची सवय होती, त्यामुळे त्याचं बोलणं आम्ही आपोआप वजा करून ऐकायचो. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाचं ऐकतात तसं.

त्याच्या शेजारी त्याचा धाकटा भाऊ राहायचा, अँपिअर मीटर. रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडा मोठा, मधे शून्य, एका अंगाला अधिक, दुसऱ्या अंगाला उणे. बॅटरीत वीज चालली आहे की बॅटरीतून निघाली आहे, एवढंच तो सांगतो. रात्री हेडलाइट लावून गाडी फाटकाशी थांबली की तो उण्याकडे मान टाकायचा. अ‍ॅक्सिलेटर पिळला की उठून बसायचा. पण त्याचं खरं मोठेपण सकाळी दिसे. बुलेटला किक मारणं हे ताकदीचं काम आहे असं वाटतं ते नवख्यांना. पिस्टन नको त्या जागी असताना किक मारली तर ती उलटी येते आणि नडगी फोडते. मग पिस्टन कुठे आहे हे इंजिन न उघडता कळणार कसं? अँपिअर मीटर सांगतो. चावी लावायची, किक पायाने सावकाश दाबत न्यायची. पॉइंट, म्हणजे ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असतील तोवर काटा उण्याकडे झुकलेला. पॉइंट उघडले की टुणकन मधे येतो. कॉम्प्रेशनच्या टोकाशी पिस्टन आला तो हाच क्षण. तिथे डीकॉम्प्रेशनचा छोटा लिव्हर दाबून किक आणखी एक बोटभर पुढे घ्यायची, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच, पूर्ण. काकाजी पंचाहत्तरीतसुद्धा पहिल्या किकेत गाडी चालू करत, त्यामागे ताकद नव्हती, त्या चिमुकल्या काट्याशी असलेली बोलाचाली होती. वीज मोजणाऱ्याकडून पिस्टनचा पत्ता काढणारा पहिला माणूस कोण असेल, त्याला मला एकदा भेटायचं आहे.

आता किलोमीटरच्या आकड्यांचं. मोठ्या मीटरच्या पोटात पाच चकत्यांची खिडकी होती. पाचच, म्हणजे ९९९९९ झाले की पुन्हा सगळी शून्यं. आमच्या खिडकीत शेवटी ४८२१७ होते. मीटरने मधे एकदा पलटी खाल्ली होती की नाही, यावर घरात आजही एकमत नाही. काकाजी म्हणतात खाल्ली. काकू म्हणतात, एवढे फिरले असते तर मला दिसले असते.

गाडी सेकंडहँड, नागपूरहून आणलेली. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा ती घरात येऊन वर्ष झालं होतं, आणि काकाजी शाळेतल्या दोन मास्तरांना मागे बसवून तिच्यावरूनच तो सोहळा बघायला गेले होते. मग धरण वर्षानुवर्षं बांधलं जात राहिलं. वैनगंगेवर अकरा किलोमीटरहून लांब भिंत आणि तेहतीस दरवाजे. आमच्याकडे ऑगस्टात माणसं एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी किती दरवाजे किती मीटरने उघडले ते विचारतात. आणि एक आकडा पाढ्यासारखा सगळ्यांना पाठ: २४५.५० मीटर. धरण पूर्ण भरल्यावर पाणी समुद्रसपाटीपासून तेवढ्या उंचीवर उभं राहतं. आमचं जुनं गाव त्या आकड्याच्या खाली होतं.

जुन्या घराच्या फाटकापासून पवनीच्या बाजारापर्यंत आमच्या मीटरवर नऊ किलोमीटर भरायचे. पुनर्वसनाच्या गावातून किती भरतात ते वेगळं. पण त्या ४८२१७ मधले कितीतरी हजार या नवांच्या पटीत झालेले, आणि तो रस्ता आज पाण्यात उतरतो. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की डांबराचा एक पट्टा बाहेर येतो, दोन्ही बाजूंना बेशरमाची झुडपं, आणि पुढे सरळ तळ्यात. काकाजी तिथवर गाडी न्यायचे, न बोलता वळवून परत आणायचे. तेवढं येणं-जाणंही मीटरने इमानाने मोजलं.

अंभोऱ्याची नदी मात्र त्याने कितीतरी वर्षं मोजली नाही. आत्याबाईंचं सासर कुही तालुक्यात, आणि वाट अंभोऱ्यावरून. पाच नद्यांचा संगम तिथे, टेकडीवर महादेव, मुकुंदराजाने विवेकसिंधू इथेच रचला असं मानतात. पुढे पूल झाला, पण तोवर नदी डोंग्याने ओलांडायची. बुलेट दोन फळ्यांवरून आत चढवायची, पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत दाबून धरायचं. डोंगा पाण्यावरून चालला आहे, पलीकडचा काठ जवळ येतो आहे, आणि मीटर म्हणतोय, ताशी सहा. नेहमीचेच. आकड्यांची चकती जागची हलायची नाही. चाक फिरलं नाही म्हणजे त्याच्या लेखी आपण कुठे गेलोच नाही. २०२४च्या जानेवारीत सातशे मीटरहून लांब पूल सुरू झाला आणि त्या वर्षी पहिल्यांदा तिथलं वैनगंगेचं पात्र आमच्या मीटरच्या जमेत आलं.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात वायर तुटली. नवी घातली, ती आठ दिवसांत तुटली. मिस्त्रीने कडीचा पत्रा स्क्रू ड्रायव्हरने उलगडून मीटर उघडला तर आतलं चुंबक जाम. कुणीतरी कधीतरी वायरीला वरच्या टोकापर्यंत ग्रीस थापलं होतं, ते फिरत फिरत मीटरमध्ये चढून वाळलं होतं. लाडाने मेला म्हणायचा.

“वायर शंभर मिळते जी,” मिस्त्री म्हणाला, “पण हे आतलं काम करणारा माणूस कुठून आणू? इलेक्ट्रॉनिक टाकून देतो. काटा असाच दिसन, तबकडी अशीच दिसन.”

काकाजींचा पुण्याचा नातू उपग्रहावरून वेग घेणारा मीटर मागवून द्यायला तयार होता. ना वायर, ना चाकाला काही लावणं. मी मनात म्हटलं, हा असता तर डोंग्यातले किलोमीटरसुद्धा मोजले गेले असते. काकाजींनी तो एका वाक्यात निकालात काढला, “चाक जागेवर अन् मीटर पुढे? असा हिशोब मले नाही चालत.”

मग चुंबकवाला ठरला. चाकाला एक चिमटीएवढं चुंबक, फोर्कला सेन्सर. चुंबक समोरून गेलं की सेन्सर एक टिचकी मोजतो, आणि आतली बारीक मोटर काटा तेवढा सरकवते. सुदैवाने गाडी मधेच कधीतरी सहाची बारा व्होल्टवर करून घेतली होती. चाकाचा घेर मीटरला सांगावा लागतो. मिस्त्रीने टायरवर आणि फरशीवर खडूची रेघ मारली. “बसा गुरुजी. बसल्यावर टायर दबते, तेच माप खरं.” काकाजी गाडीवर, मी मागून ढकलतोय, खडूची रेघ वर जाऊन पुन्हा फरशीला टेकली. टेप लावला: दोन मीटर एक सेंटिमीटर. म्हणजे किलोमीटरला पाचशेच्या आतबाहेर फेरे, आणि साठच्या वेगाला सेकंदाला आठ टिचक्या. सावकाश चालताना टिचक्या फार विरळ पडतात, काटा अडखळतो, म्हणून त्याने चुंबकं चार लावली. जवळजवळ चाळीस वर्षं एकाच गाडीवर बसलेल्या माणसाने तिच्या चाकाचा घेर पहिल्यांदा मोजला.

जुने किलोमीटर नव्या मीटरमध्ये भरता येतात, पण एकदाच. मिस्त्रीने आकडा विचारला. मी ४८२१७ सांगितला.

“याला सहा खाने आहेत,” तो म्हणाला. “अगोदर एक लावू काय?”

काकाजींनी दाराकडे पाहिलं. काकू तिथे उभ्या होत्या.

“नको लावू,” काकाजी म्हणाले.

अँपिअर मीटरही तो काढणार होता. गाडीची सगळी वीज त्याच्यातून जाते, त्याचा एक नट सैल झाला तर अख्खी गाडी मुकी. त्याऐवजी नव्या मीटरमध्येच व्होल्ट दिसतात. बोलणं बरोबर होतं. काकाजी म्हणाले, “त्याले हात लावू नको.” मिस्त्रीने पॉइंटची डबी उघडून पाहिली, पॉइंट जुनेच आहेत असं बघून मान हलवली, आणि त्या धाकट्याचे दोन्ही नट नवे वॉशर घालून आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी चावी लावली. नवा काटा डावीकडून उजवीकडे पूर्ण तबकडी फिरून आला, जिथे जुना कधी गेला नव्हता तिथवर, आणि शून्यावर बसला. अगदी शून्यावर. खाली निळ्या आकड्यांत १२.४ उमटलं. काकाजी तिकडे बघतच नव्हते. ते वाकून धाकट्याकडे पाहत होते, पायाने किक सावकाश दाबत होते, आणि काटा उण्यातून मधे यायची वाट पाहत होते.